भिंतीवरून सांगितलेली वेळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही. दोनदा प्रयत्न करून झाला — दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले.

गेल्या आठवड्यात डहाणूहून आमच्या जुन्या कॉलेजचं पत्र आलं. स्मरणिका काढताहेत. आपण आपल्या महाविद्यालयाच्या पहिल्या महिला जलतरणपटू, तरी आपल्या आठवणी दोन पानांत लिहून पाठवाव्यात, असं त्यात आहे. त्या वेळचा फोटो असल्यास उत्तम. पत्र तीन दिवस फ्रिजवर पडून आहे. येता-जाता दिसतं आणि माझं डोकं फिरतं. पण चिडायचं कुणावर? पत्र लिहिणाऱ्या क्लार्कवर? त्याच्याकडच्या कागदांत जे होतं ते त्यानं उतरवलं.

ते कागदांत कसं आलं, ते सांगते. मध्येच मी माझीच बाजू घ्यायला लागले तर लक्ष देऊ नका. मला ती सवय आहे.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं वर्ष. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं कॉलेज एवढंसं — दोन मजले, पुढे मैदान, मैदानात कबड्डीची आखणी. पोहायचा तलाव वगैरे कुठला असायला? पण खेळांचे पाटकर सर पोहण्याने झपाटलेले होते. मुलांचं पथक त्यांनी आधीच उभं केलं होतं. भरतीची वेळ बघून ते मुलांना मसोलीच्या अंगाला खाडीवर न्यायचे. पाण्यात दोन खांब रोवलेले, या खांबापासून त्या खांबापर्यंत शर्यत. सर काठावर घड्याळ घेऊन उभे, घसा फोडून ओरडताहेत, रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून बघताहेत. कुणाची वेळ कमी झाली की अनोळखी माणसंही टाळ्या वाजवायची. मग मुलांना केळी, उकडलेली अंडी. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सगळ्यांच्या वेळा लावलेल्या. मुलगे त्या बोर्डासमोर उगाच घुटमळायचे.

आणि मुलींचं? मुलींचंही पथक काढायचं, असं सरांनी जाहीर केलं तेव्हा स्टाफरूममध्येच हसाहस झाली म्हणतात. खाडीत मुली उतरवणार, तेही लोकांसमोर? नावं द्यायला कोणी पुढे येईना. शेवटी आमच्या अप्पांनी टाकी दिली.

आमची सरावलीला चिकूची वाडी आहे. तिच्या शिंपणासाठी आजोबांनी टाकी बांधली होती, गरजेपेक्षा दुप्पट मोठी. साठ फूट लांब, आणि पाणी उताराने पाटांत जावं म्हणून जमिनीपासून वर उचललेली. बाहेर उभं राहिलं तर समोर पुरुषभर उंच भिंत. पाच पायऱ्या चढून वर जायचं, मग आत पाणी. मी लहानपणापासून त्या टाकीत पोहत आले. पण अप्पांनी टाकी देताना अट घातली — मुली पाण्यात असताना वर पुरुषाची सावली दिसता कामा नये. बाकीच्या मुलींच्या वडलांनीही तीच अट घातली, त्यावरच परवानगी दिली.

आता सर काही बाई नव्हते. मग आमची वेळ मोजणार कोण? सरांनी यातून एक मार्ग काढला आणि तो आम्हाला सगळ्यांना भारी वाटला होता. सर भिंतीच्या पायथ्याशी, चिकूच्या झाडाखाली, टाकीकडे पाठ करून बसायचे. मांडीवर वही. वर आम्ही पाच मुली. कॉलेजचं एकुलतं एक स्टॉपवॉच माझ्या गळ्यात, कारण मी कॅप्टन. कॅप्टन का, तर टाकी आमची. मी एकेकीची वेळ मोजायची आणि भिंतीवरून खाली ओरडून सांगायची. सांगायची पद्धतही ठरलेली होती. आधी नाव, मग फेऱ्या, मग वेळ. सर तेच पुन्हा मोठ्याने म्हणायचे आणि शेवटी म्हणायचे, लिहिलं. ते ‘लिहिलं’ ऐकू आलं की ती वेळ पक्की. आमच्या वेळा नोटीस बोर्डावर लागत नसत. लेडीज रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लागायच्या.

या सगळ्याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. मुलांच्या वेळा अख्खं गाव डोळ्यांनी बघणार, आणि आमच्या वेळा एका मुलीच्या तोंडून बाहेर पडणार. मुलीच्या अब्रूची एवढी काळजी, आणि तिच्या मेहनतीला एक साक्षीदारसुद्धा नाही. हे मी आजवर पुष्कळांना तावातावाने ऐकवलं आहे. ऐकणारे माना डोलावतात. त्या भिंतीचा फायदा सगळ्यांत जास्त कुणी घेतला, हे मात्र मी कुणाला ऐकवत नाही.

पाच मुलींमध्ये काशी पथकात सगळ्यांत शेवटी आली. सायवनची, वारली घरातली. डहाणूला मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. तिच्या बोलीत सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात — पहिल्या दिवशी ती सरांनाही ‘तू’ म्हणाली, आणि सर मनापासून हसले. आम्ही बाकीच्या सलवार-कमीज घालून पोहायचो. ती भावाचा शर्ट आणि खाकी हाफ पँट घालून यायची. पाण्यात उतरली की शर्टात हवा भरायची आणि पाठीवर फुगा यायचा. सुरुवातीला ती डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहायची, गावाकडे नदीत पोहतात तशी. तोंड पाण्यात घालून बाजूला वळून श्वास कसा घ्यायचा, ते तिला मी शिकवलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, बरं का. मी शिकवलं. बघितलंत, झाली ना सवय सुरू?

दिवाळीपर्यंत ती माझ्या बरोबरीला आली. दिवाळीनंतर कधी तिची वेळ कमी, कधी माझी. बाकीच्या तिघी आमच्या खूप मागे. मी घरी जेवताना अप्पांना सांगायची की काशी चांगली पोहते. अप्पा म्हणायचे, तिला काय, ती लोकं पोहणारच. त्यावर मी हसायची. तेवढ्यावर विषय संपायचा.

मग विद्यापीठाच्या स्पर्धेचं पत्र आलं. मुंबईला, खऱ्या तलावात. मुलांचं पथक दरवर्षी जायचं, त्यात काही नवीन नव्हतं. सरांनी प्राचार्यांच्या मागे लागून लागून मुलींसाठीही होकार आणला, पण कसा? एक मुलगी नेऊन बघा, सोबत लायब्ररीच्या बाई जातील. ती काही करून आली तर पुढच्या वर्षीपासून मुलींचं पूर्ण पथक, नाहीतर हा नाद सोडायचा. सरांनी आम्हाला हे सगळं त्या भिंतीपलीकडूनच सांगितलं, आमच्याकडे पाठ करून. आवाज आनंदाने फाटत होता. पुढच्या शनिवारी सहा फेऱ्यांची चाचणी, जिची वेळ सगळ्यांत कमी ती मुंबईला.

काशीला पोलिसात जायचं होतं. विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरल्याचं प्रमाणपत्र असलं तर भरतीत त्याचा उपयोग होतो, असं सरांनी तिला सांगून ठेवलं होतं. ती हे लपवायची नाही. पाटाच्या कडेला पाय सोडून बसायची आणि पोलीस झाल्यावर पहिल्या पगारात काय काय घेणार ते आम्हाला सांगायची. आईला चपला, हे पहिलं. आणि मला काय हवं होतं? मला निळ्या फरश्यांचा तलाव बघायचा होता. शिवाय घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, त्याआधी एकदा कुठेतरी माझं नाव पुकारलं जावं, असं वाटत होतं. एवढंच. मी ते ‘एवढंच’ कितीही फुगवून बघितलं, तरी ते तिच्या आईच्या चपलांएवढं होत नाही.

शनिवारी दुपारी चाचणी. तिघी आधी पोहल्या, थंडीने कुडकुडत पंपाच्या खोलीत कपडे बदलायला गेल्या. वर आम्ही दोघीच राहिलो. माझी पाळी आली तेव्हा घड्याळ काशीकडे दिलं. ती ते दोन्ही हातांनी धरायची, अंड्यासारखं. मी जीव तोडून पोहले. शेवटच्या फेरीला छाती फुटायची बाकी होती. भिंतीला हात लागला आणि तिचा आवाज ऐकू आला — कल्पना, सहा फेऱ्या, एक मिनिट अडतीस. आणि मग, सर ‘लिहिलं’ म्हणायच्या आधीच, ती भिंतीवरून वाकून म्हणाली, “सर, माझा अंगठा जरा उशिरा पडला. हिचा एक सेकंद कमी धर.”

खालून सर म्हणाले, “घड्याळात आहे तेच सांगायचं, काशी. तेच मी लिहिणार.”

ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. माझा एक सेकंद तिच्या हातून गेला, याचं तिला वाईट वाटलं होतं. तिची पाळी अजून यायची होती, आणि ती माझी वेळ कमी करून मागत होती. हे तुम्ही नीट ऐकलंत ना? कारण यानंतरचं सांगताना मला हेच पुन्हा पुन्हा आठवणार आहे.

मग काशी पाण्यात उतरली आणि घड्याळ माझ्या हातात आलं.

मनातल्या मनातसुद्धा इथे आले की मी दरवेळी थांबते. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझाही अंगठा उशिरा पडला. हात गार पडले होते, दम लागला होता, बटण घट्ट होतं. ते घड्याळ जुनंच होतं, हेही खरं. एखाद्या माणसाचा अंगठा चुकूच शकतो की नाही? काशीचाही चुकला होता. किती सोयीचं आहे बघा — तिने प्रामाणिकपणे जे कबूल केलं, तेच मी माझ्या खोटेपणावर पांघरूण म्हणून वापरलं. वर्षानुवर्षं वापरलं.

अंगठा चुकला नव्हता. तिचा हात भिंतीला लागला त्याच क्षणी मी बटण दाबलं. काटा थांबला. माझ्या अडतीसच्या पुष्कळ अलीकडे थांबला. मी तो आकडा नीट वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, कारण विश्वास बसेना. टाकीत कुणीच इतकं जोरात पोहलेलं नव्हतं. काशी कठड्याला धरून धापा टाकत होती, डोळ्यांतलं पाणी पुसत होती, तिला अजून काही दिसत नव्हतं. खाली सर वाट बघत होते. मी बटण पुन्हा दाबलं. काटा शून्यावर गेला. आणि मी स्वच्छ, मोठ्या आवाजात ओरडले — काशी, सहा फेऱ्या, एक मिनिट चाळीस.

सरांनी ते पुन्हा म्हटलं. मग म्हणाले, लिहिलं.

का केलं? त्या एका क्षणात मनात काय आलं, ते मला पक्कं आठवतं. मुंबई नाही, निळ्या फरश्या नाहीत. आमच्या वाडीत चिकू काढायला, पाट साफ करायला ज्या बाया यायच्या, त्यांच्यातल्याच कुणाची तरी ही मुलगी. आणि ती आमच्या टाकीत, मी शिकवलेला श्वास घेऊन, माझ्यापुढे जाणार? हे मनात आलं. असंच, या शब्दांत. मी स्वतःला फार पुढारलेली समजायची तेव्हा. वादविवाद स्पर्धेत समानतेवर बोलून बक्षीस आणलेलं होतं. अप्पांच्या ‘ती लोकं’वर मी हसायची, ते काही उगाच नव्हतं.

काशीने मान वर करून विचारलं, “एवढी?” मी घड्याळ पुढे केलं. त्यात शून्य होतं. ती म्हणाली की आज अंग हलकं वाटत होतं, तिला वाटलं होतं कमी लागली असेल. मग पाण्यातच थोडा वेळ उभी राहिली. मी मनात म्हणत होते, आता ही म्हणेल, पुन्हा पोहते. म्हणाली असती तर मी काय केलं असतं? कुणास ठाऊक. तिने म्हटलंच नाही. घड्याळात आहे तेच सांगायचं, हे सरांनी नुकतंच बजावलं होतं, आणि तिच्या दृष्टीने मी तेच सांगितलं होतं. टाकीतल्या पायऱ्या चढून वर आली, शर्ट पिळला आणि म्हणाली, “तू जा. पण नंबर आण हां.”

पुढचे पंधरा दिवस तिने माझ्याकडून तयारी करून घेतली. मी नको म्हटलं तरी वसतिगृहातून चालत सरावलीला यायची. भिंतीशी पोहोचल्यावर दोन्ही पाय एकदम मारून कसं वळायचं, हे तिने मला दाखवलं. ती तिची स्वतःची युक्ती होती, कुणी शिकवलेली नाही. कठड्यावर उभी राहून माझ्या फेऱ्या मोजायची. मी पाण्यात तोंड घालून पोहत राहायची, ते एक बरं होतं.

मुंबईचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. तलाव निळा होता. आमच्या टाकीतल्या हिरव्या पाण्याची सवय, इथे तळापर्यंत लख्ख दिसत होतं आणि त्यानेच मला गरगरायला लागलं. बाकीच्या मुली ओट्यावरून सूर मारत होत्या, मी पाण्यात उतरून भिंतीला धरून सुरुवात केली. माझ्या गटात मी शेवटची आले. शेवटची म्हणजे, बाकीच्या टॉवेल गुंडाळून उभ्या असताना मी पोहतच होते. माझं नाव पुकारलं गेलं ते तेवढ्यापुरतं, आणि तेही चुकीचं उच्चारून. आमच्या मुलांतल्या एकाचा मात्र तिसरा नंबर आला.  परतीच्या गाडीत सरांनी एकदा वही काढून टाकीतल्या वेळांचं पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि मिटून ठेवलं. त्या पानावर काशीची खरी वेळ असती तर? तिचा पहिला नंबर आला असता, असं मी म्हणत नाही. पण ती शेवटची नक्की आली नसती.

प्राचार्यांनी मुलींचं पथक बंद केलं. बघितलं ना, झालं समाधान, असं काहीसं म्हणाले म्हणे. सरांनी पुन्हा शब्द टाकला नाही. तिसऱ्या नंबरच्या मुलाला हार घालून स्टेशनपासून कॉलेजपर्यंत नेलं. मुलांचं पथक पुढे कितीतरी वर्षं चाललं, कपाटभर ढाली आल्या, त्याही चांगल्याच गोष्टी झाल्या. मुली मात्र पुन्हा पाण्यात उतरल्याचं मी तरी ऐकलं नाही. आमची टाकी शेवाळली. मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं होतं, शेवटचीलाही मिळतं. अप्पांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. बघायला येणाऱ्या स्थळांना ते आवर्जून दाखवायचे.

त्यातल्याच एकाशी माझं लग्न झालं. नवरा तलासरीला हायस्कूलमध्ये शिक्षक, पुढे मलाही तिथेच प्राथमिक शाळेत नोकरी लागली. काशी कॉलेज सोडून गावी गेली एवढंच कानावर आलं होतं. मी चौकशी केली नाही. सायवन काय फार लांब होतं? नव्हतं.

मग आठ-नऊ वर्षांनी मला निवडणुकीची ड्युटी लागली. तलासरी तालुक्यातल्याच एका आश्रमशाळेत मतदान केंद्र होतं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही मतपेट्या घेऊन पोहोचलो. थंडीचे दिवस होते. चहा घेऊन बाई आली — काशी. शाळेची स्वयंपाकीण. तिने मला लगेच ओळखलं, मी तिला ओळखायला एक क्षण उशीर लावला. लावला म्हणजे मुद्दाम लावला. तिला इतका आनंद झाला होता की ट्रे खाली ठेवायचंही तिला सुचेना. पोलीस भरतीला ती दोनदा गेली होती. धावण्यात पास, उंचीत कशीबशी पास, शेवटी थोडक्यात राहिली. खेळाचं प्रमाणपत्र मागत होते, ते असतं तर झालं असतं, असं तिने सांगितलं. तक्रार म्हणून नाही. बस चुकली, असं सांगावं तसं.

तिथल्या मुलींना ती सुट्टीच्या दिवशी धरणावर नेऊन पोहायला शिकवायची. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही, आपली आपली. दहा-बारा मुली तिच्यामागे उभ्या होत्या. त्यांना तिने माझी ओळख करून दिली. म्हणाली, “ही कल्पना. आमच्या कॉलेजात हिच्याएवढं जोरात कोणी नव्हतं. मुंबईला गेली होती पोहायला.”

एका मुलीने विचारलं, “तुझ्यापेक्षा जोरात?”

“दोन सेकंद जोरात,” काशी म्हणाली. “घड्याळात होतं ना.”

चाळीस उणे अडतीस. तिने दोन्ही आकडे इतकी वर्षं जपून ठेवले होते. मुली माझ्याकडे बघत होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. फार तर पाच शब्दांचं. केंद्राध्यक्ष तिकडे शिपायाशी हुज्जत घालत होते, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, भिंत नव्हती, अप्पा नव्हते. मी मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. काशीने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, “तुझ्याकडे घड्याळ आहे. ये ना धरणावर, पोरींची वेळ मोज. मी टाळ्या वाजवून मोजते, ते काय खरं नाय.”

मी म्हटलं, उद्याच्या कोऱ्या मतपत्रिका मोजून ठेवायच्या आहेत. ती लगेच म्हणाली, हो हो, तुझं काम मोठं. मग मुलींना घेऊन गेली. मी व्हरांड्यात बसून मतपत्रिका मोजल्या. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा बरोबर आल्या. धरणाकडून टाळ्या ऐकू येत होत्या, एकसारख्या, न चुकता. दुसऱ्या दिवशी मतदान संपल्यावर आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने हात केला. मी केला.

पहिलं खोटं मी वीस वर्षांची असताना बोलले. वय लहान, असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी मुलांना शिकवणारी बाई होते, माझ्या पदरात मुलगी होती, आणि मी एक अक्षरही खोटं बोलले नाही. नुसती मान डोलावली. मला त्या दुसऱ्या वेळेचाच जास्त संताप येतो. त्यानंतर ती भेटली नाही, असं मी म्हणणार होते. पण ती आश्रमशाळा आमच्या घरापासून एसटीने पाऊण तासावर आहे. ती भेटली नाही असं नाही, मी गेले नाही.

अप्पा गेल्यावर भावाने ती फ्रेम माझ्याकडे पाठवली. कपाटामागे आहे, तोंड भिंतीकडे करून. पत्र फ्रिजवर आहे. कॉलेजला काय कळवायचं ते ठरलेलं नाही, आणि ठरवलं तरी मी ते करीन याची खात्री मला स्वतःबद्दल देता येत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, त्याने सरांच्या वहीतली काशीची वेळ बदलत नाही. हेही मला कळतं.

फक्त तो आकडा राहिला. काट्याने दाखवलेला, मी दोनदा वाचलेला. तो मी कधीच मोठ्याने म्हटलेला नाही, कुणीही लिहून घेतलेला नाही. सांगायची पद्धत ठरलेली होती. आधी नाव, मग फेऱ्या, मग वेळ.

काशी. सहा फेऱ्या. एक मिनिट एकोणतीस.